कोरं पाणी

माझा भाऊ गास्पार सहलीच्या गाडीवर वाटाड्या आहे. सकाळी पाहुण्यांना पडक्या देवळांपाशी नेतो, पायऱ्यांवरून प्रतिध्वनी कसा येतो ते दाखवायला टाळ्या वाजवायला लावतो, दुपारी माझ्या चुलीवरचं जेवू घालतो आणि मग जमिनीच्या पोटातल्या खोल कुंडात पोहायला सोडतो. दिवसभर तोंडात एकच, "आमचे पूर्वज असे, आमचे पूर्वज तसे." घरात एक जिवंत म्हातारा बसलाय, त्याला विचारायला मात्र ह्याला सवड नाही.

तो म्हातारा म्हणजे आमचे बाबा, नासारियो तुयूब. गावासाठी पाऊस मागतात. त्यांच्यानंतर हे काम कुणी शिकलेलं नाही. यंदा मका कमरेला लागला आणि तिथेच करपायला लागला, तेव्हा गावातले पुरुष टोप्या हातात घेऊन आमच्या दारी आले. बाबांना आता धड दिसत नाही, चालताना धाप लागते, पण "हो" म्हणाले.

ह्या विधीला कोरं पाणी लागतं. ज्या कुंडात बाईमाणूस कधी उतरलेलं नाही, त्यातलं. पूर्वी अशी कुंडं रानोरान होती. मग एकेकाला शिडी लागली, लाइफ जॅकेटांच्या खुंट्या लागल्या, तिकिटाची खिडकी लागली. उरलं होतं एकच, घायपाताच्या पडीक मळ्यामागचं. मी ह्याच गावात जन्मले, केस पिकायला आले, पण ते कुंड कधी पाहिलं नाही. लहानपणी त्या वाटेला लागले तर आईने कान असा पिळला की दोन दिवस लाल होता. राग यायचा मला. का नाही येणार? पण माझ्या पायामुळे गावाचा पाऊस अडायला नको, म्हणून नाही गेले.

"ताई, आईच्या थडग्याची शपथ," गास्पार म्हणाला होता, "विधी होईपर्यंत त्या वाटेवर एकही माणूस नेणार नाही."

विधीच्या दिवशी बाबा पहाटेच पाण्यासाठी भोपळ्याचा तुंबा घेऊन एकटे निघाले. पाणी एकट्यानेच आणायचं असतं. शेतात पुरुषांनी वेदी मांडली, जमिनीत पुरून भाकऱ्या भाजल्या, पोरांना वेदीच्या पायांशी बेडूक म्हणून बसवलं. त्यांनी डराव डराव करत राहायचं, थांबायचं नाही, म्हणजे ढगांना ऐकू जातं.

दुपारी गास्पारची गाडी आली. पाहुणे तोंडं पाडून बसले होते. मोठ्या कुंडावर बसगाड्यांची जत्रा होती म्हणे, पाय ठेवायला जागा नव्हती. एकजण पैसे परत मागत होता. मी लिंबाचं सूप वाढत असताना गास्पारचं कुजबुजणं कानावर आलं, "एक जागा आहे. अजून कुठल्याच पाहुण्याने पाहिलेली नाही."

मी पळी खाली ठेवली. "गास्पार! कुठली जागा?"

"तू जेवायला वाढ ना, ताई."

"बाबा तिकडेच गेलेत, मेल्या!"

"पहाटे गेलेत ना? एव्हाना पाणी भरून शेतात पोचले असतील. काम झालं की कुंड मोकळंच आहे. आज ही माणसं तक्रार करून गेली तर उद्या मला गाडीवर कोण ठेवील? तू ठेवशील?"

"शेतात जायची वाट माझ्या दारावरून आहे. मी सकाळपासून इथे बसलेय. ते परतलेले नाहीत."

"तुझं लक्ष नसेल," म्हणाला आणि गाडी सुरू केली.

मी एप्रनसकट धावले. घायपाताचे काटे पोटऱ्यांत घुसले. कुंडाच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडला होता, आतून बायकांच्या हसण्याचे आवाज येत होते. मी थबकले, खरंच थबकले. मग म्हटलं, आता काय राहिलंय? आणि उतरले.

बाबा खालच्या खडकावर बसले होते. उतरता उतरता त्यांची सकाळ गेली होती, आता गुडघे वाकत नव्हते आणि पाण्यापर्यंत हात पोचत नव्हता. पोहणाऱ्यांतल्या एका मुलीने ते पाहिलं. जवळ आली, त्यांच्या हातातून हळूच तुंबा घेतला, पार मधोमध पोहत गेली, जिथे पाणी अगदी स्वच्छ होतं तिथे भरला आणि दोन्ही हातांनी त्यांना आणून दिला. बाबांनी मान लववली, आमच्या भाषेत आभार मानले. ती इतकी प्रेमाने हसली की मला तिला शिवीही देता येईना.

मी बाबांना धरून वर आणलं. वर आल्यावर त्यांनी तुंबा एका झाडाच्या मुळाशी उपडा केला. "पोर चांगल्या घरची होती," म्हणाले.

वरच थांबलेला गास्पार पुढे आला. "बाबा, पाणी ते पाणीच ना हो? शेतात कोण बघायला येणार आहे?"

"ज्याच्याकडे मागायचं, तो बघतो."

गास्पार गाडीकडे पळाला आणि बर्फाच्या पेटीतून बाटली घेऊन आला. "हे घ्या. सीलबंद आहे. ह्याला कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही, बाबा. घ्या ना!"

बाबांनी बाटली हातात घेतली, झाकणावरून अंगठा फिरवला. "कुठल्या कुंडातलं?"

"कारखान्यातलं."

त्यांनी झाकण फोडलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. पहाटेपासून उपाशी होते, तहान लागली असणार. रिकामी बाटली त्यांनी गास्पारला परत दिली. तो तिथेच मातीत बसला. मला त्याला लाथ घालावीशी वाटत होती आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

बाबांनी माझा हात चाचपला. "तू आत उतरली होतीस ना गं?"

"हो बाबा."

"मला आता दिसत नाही. कसं आहे?"

"निळं आहे," मी म्हटलं. "फार सुंदर आहे."

त्यांनी मान हलवली. शेताकडून पोरांची डराव डराव ऐकू येत होती. थांबा म्हणून सांगायला आमच्यातलं कुणीच उठलं नाही.