पासष्ट पूर्ण

जयाने लोणच्याच्या बरणीचं झाकण पकडलं, दात आवळले आणि फिरवलं. झाकण पहिल्याच झटक्यात सुटलं. ते हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग उजव्या हाताची बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली नाही.

बघायला स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

अमेरिकेत, ओहायोला, बरण्या उघडायचं काम श्रियाचं होतं. तीन वर्षांची नात फरशीवर फतकल मारून बसायची, बरणी दोन्ही गुडघ्यांत धरायची आणि तोंड लाल होईपर्यंत जोर लावायची. झाकण हलायचं नाही. मग आजी तिच्या हातांवर आपले हात नुसते ठेवायची आणि दोघी मिळून "हुश्श" करायच्या. शेवटी आजोबा उघडून द्यायचे, पण श्रेय श्रियाचं. आजीच्या स्वेटरची मोठी बटणंही तीच लावायची, एक वर, एक खाली. त्या दिवसांत सकाळी उठल्यावर जयाची बोटं वळायचीच नाहीत. नातीला उचलून घ्यायचं झालं तर कोपरांत धरून घ्यावं लागे. केस विंचरणं, वेणी घालणं, लाडू वळून हातावर ठेवणं, यातलं काहीच तिला त्या पोरीसाठी करता आलं नव्हतं.

आता बोटं वळत होती, आणि श्रिया तिकडे होती.

आज जयाला पासष्ट पूर्ण झाली. या दिवसासाठी ती आणि गोपीनाथ चार वर्षं ठाण्यातल्या बाळकुमच्या या फ्लॅटमध्ये थांबले होते.

गोपीनाथ मढवी मूळचा बाळकुमचाच. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो लेथ मशीनवर टर्नर होता. हात इतका साफ की तिथल्याच एका परदेशी साहेबाने त्याला ओहायोतल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात बोलावून घेतलं. दहा वर्षांची कल्पिता आणि विमानतळावर रडून रडून डोळे सुजलेली जया, अशा दोघींना घेऊन तो गेला. तिथे घर झालं, कल्पिताचं शिक्षण झालं, ऋतुराजशी लग्न झालं, श्रिया झाली. मग कारखाना बंद पडला. पगार गेला त्याचं फारसं काही वाटलं नाही, पण त्याच्याबरोबर विमाही गेला. जयाच्या संधिवाताचं इंजेक्शन घराच्या हप्त्यापेक्षा महाग निघालं. स्वतःच्या पैशाने विमा घ्यावा तर त्याचा हप्ता वेगळा, आणि वर्षाचा सुरुवातीचा सगळा खर्च तरीही आपल्याच खिशातून. पासष्ट पूर्ण झाली की जयाला तिकडची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, लागू होणार होती. तोवर काय, हा प्रश्न होता.

"ठाण्याला जाऊ," गोपीनाथ तेव्हा म्हणाला होता. "तेच औषध तिथे देशी कंपनीचं मिळतं, पेन्शनीत भागेल. तुला पासष्ट झाली की परत."

घर विकलं. भांडी, कोट, जाड रजया कल्पिताच्या घरी तळघरातल्या खोलीत ठेवल्या. ती खोली आई-बाबांची, असं कल्पितानेच ठरवून टाकलं होतं. पलंगही आणला होता. निघताना श्रिया त्या पलंगाखाली लपून बसली होती.

इथे सगळ्यांना वाटलं, गावच्या ओढीने परत आले. जयाने कोणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. पण तिच्या कोलशेतच्या माहेरी जिथे मिठागराच्या बांधावरून ती वडिलांना भाकरी घेऊन जायची, तिथे आता मोठं गेट होतं, आणि कोणाकडे जायचंय असं वॉचमन विचारायचा. मढवींच्या भाताच्या शेतावर बिल्डरने चार टॉवर बांधले. त्यातल्याच एकात भावाभावांना फ्लॅट मिळाले. एवढं सगळं बदललं तरी गोपीनाथ रुळला. सकाळी धाकट्या भावाबरोबर, सुदेशबरोबर, मासे आणायला जायचा, संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर शाळेतल्या सोबत्यांत बसायचा. जया म्हणायची, माणूस मन रमवतोय. दिवस काढतोय, माझ्यासारखाच.

"वैनी!" दार ढकलून नयन आत आली. सुदेशची बायको, वरच्याच मजल्यावर राहायची. तिच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. "कोलंबीचा रस्सा हाय. मीठ बग जरा."

जयाने तळहातावर थेंब घेतला. "बरोबर आहे गं."

"बरोबर कसा? तू कवा एकदम बरोबर बोलत नाय." नयनने पातेलं ओट्यावर ठेवलं. "आता तू चालली अमेरिकेला. मंग मना कोन सांगल, मीठ कमी का जास्त?"

"अजून कुठे तिकीट काढलंय?"

"काढशील ना. तुजा तोंडच सांगतंय." नयन हसली, पण लगेच वळून भाकरीचं पीठ परातीत काढू लागली. "थापशील का दोन? आज तुज्याच हातची खाऊ दे सगल्यांना."

जयाने पाण्याचा हात घेतला आणि तांदळाची भाकरी थापायला घेतली. पीठ तळव्याखाली फिरू लागलं, कडा न फुटता भाकरी गोल वाढत गेली. नयन त्या हातांकडे बघत राहिली. चार वर्षांपूर्वी याच ओट्यावर जयाला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता, ते तिने पाहिलं होतं.

संध्याकाळी गोपीनाथ आणि सुदेश केक आणायला खाली गेले. नयन कपडे बदलायला वर गेली. तेवढ्यात फोन वाजला. ओहायोला रविवारची सकाळ होती.

"आजी! हॅपी बर्थडे!"

श्रियाचा चेहरा स्क्रीनभर आला. पुढचे दोन दात पडले होते. केस कमरेपर्यंत आले होते आणि सगळे मोकळे, गालाला चिकटलेले.

"केस बांध की गं," जया म्हणाली.

"मम्माला टाइम नाही. आजी, मला फिश मिळाला! त्याचं नाव बोंबील."

जया इतकी हसली की तिला बसावं लागलं. "अगं, बोंबील कोणी पाळतं का?"

"तो ऑरेंज बोंबील आहे. थांब, दाखवते."

पोर फोन घेऊन धावली. भिंत, छत, जिन्याचा कठडा, पुन्हा छत. लाकडी पायऱ्यांचा धडधड आवाज आला तसा जयाने तो ओळखला. तळघराचा जिना. ती स्क्रीनच्या जवळ सरकली.

खिडकीच्या कट्ट्यावर काचेचं भांडं होतं, त्यात नारिंगी मासा फिरत होता. "सी? बोंबील!" श्रिया म्हणाली. मागे टेबल, दोन मोठे स्क्रीन, चालायचं मशीन. जया माशाकडे बघत होती आणि माशाच्या मागे बघत होती.

"श्रिया, पलंग कुठे गेला?"

"बेड? डॅडीने दिला कोणाला तरी. आजी, हा पाण्यात झोपतो, माहितीये?"

"श्रिया, फोन दे इकडे," मागून आवाज आला.

कल्पिता समोर आली. भांगात पांढरे केस होते, मागच्या फोनला ते नव्हते, निदान जयाला दिसले नव्हते.

"आई, मी सांगणार होते."

"सांग ना."

"ऋतुराजला आता घरूनच काम आहे. म्हणून ती खोली…" ती थांबली. मग दार लावल्याचा आवाज आला. "खोलीचं नाही गं ते. खोली काय, काढता येईल. आम्ही दोघं बसून बघितलं सगळं. मेडिकेअर लागलं ना, तरी ते सगळं देत नाही. औषधाचा आपला वाटा राहतो. दात नाही, डोळे नाही. आणि तू पडलीस, किंवा बाबांना काही झालं, घरी माणूस ठेवावं लागलं, तर ते कोणीच देत नाही, आई. माझी मैत्रीण रुचिता माहितीये ना? तिने आईला सांभाळायला नोकरी सोडली. नोकरी सोडली तर तिचा स्वतःचा विमा गेला. आता दोघी तशाच." कल्पिताने ओठ चावला. "मला तुम्ही हवे आहात. रोज हवे आहात. पण मला भीती वाटते गं."

जयाने मांडीवरचा ओढणीचा काठ बोटांनी सरळ केला.

"तुम्ही समरला या ना," कल्पिता म्हणाली. "दोन महिने. अडीच महिने राहा. श्रियाला सुट्टी असते."

समरला. जयाच्या मनात तो शब्द एका जागी जाऊन बसला. पाहुण्यांना असं म्हणतात.

"अगं वेडे, रडतेस काय?" ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच छान वाटला, मोकळा. "मीच तुला आज सांगणार होते. तिकडची थंडी आता मला सोसायची नाही. हात आत्ता कुठे सुधारलेत. डॉक्टरांनी सुद्धा सांगितलं, थंड हवेत राहू नका."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. गेल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "बिनधास्त जा काकू, नातीला कडेवर घेऊन फिरा."

"खरंच?"

"मग काय खोटं सांगते? आणि तुझे बाबा बघ ना, इथे कसे रमलेत."

कल्पिताने बाहीला नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. जयाला तो सैल होताना बघवेना, म्हणून तिने श्रियाला बोलाव म्हटलं. श्रिया आली, पण तिला बोंबीलला खायला घालायचं होतं.

गोपीनाथ केकचा खोका घेऊन आला तेव्हा जया ताटं मांडत होती. सुदेश नयनला बोलवायला वर गेला होता.

"फोन येऊन गेला वाटतं. काय म्हणाली? कधी निघायचं?"

"मी नाही म्हटलं."

"म्हणजे?"

"मला नाही जायचं आता. थंडी नको वाटते. उन्हाळ्यात जाऊन येऊ."

गोपीनाथने खोका टेबलावर ठेवला. तो सरळ करायला खूप वेळ लावला. मग हात धुवायला आत गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आला तेव्हा टॉवेल हातातच होता.

"नक्की?"

"नक्की."

"नाही, तुझी इच्छा असेल तर आपण जाऊ. मी काही…" त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "मला वाटत होतं, तुझा जीव तिकडेच आहे. म्हणून मी कधी बोललो नाही."

"काय बोलला नाहीत?"

तो केकच्या खोक्याची दोरी सोडू लागला. पण त्याचे खांदे खाली आले होते, आणि तोंडावर असं काहीतरी होतं जे तो मोठ्या कष्टाने लपवत होता. चाळीस वर्षांच्या संसारात जयाने तो चेहरा क्वचित पाहिला होता. एकदा कल्पिताचा जन्म झाला तेव्हा, दवाखान्याच्या दारात.

त्या रात्रीच्या जेवणात गोपीनाथने तीन भाकऱ्या खाल्ल्या. वागळे इस्टेटमधल्या फोरमनच्या नकला केल्या. भावाशी बोलता बोलता तो पार गावच्या बोलीत गेला, मांडीवर थाप मारून हसला. ओहायोला इतक्या वर्षांत तो असा हसल्याचं जयाला आठवेना. ती सगळ्यांना वाढत राहिली. दिवस काढत होती ती एकटीच.

"वैनी, तू जेवत नाय," नयन हळूच म्हणाली.

"जेवते. आधी तुम्हाला होऊ दे."

नयनने तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि तिला हाताला धरून खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीनाथ सुताराला घेऊन आला. शिवराम त्याचं नाव. आजवर दोघांचे कपडे पलंगाखालच्या बॅगांतच असायचे, परत जायचं तर कपाट कशाला, म्हणून. आता गोपीनाथ बेडरूमच्या भिंतीसमोर हात पसरून उभा होता.

"इथून इथपर्यंत. सगळी भिंत. वर रजया, मधे हिच्या साड्या, इकडे माझं. आणि खाली ड्रॉवर कर तीन."

"खाली ड्रॉवर नको," जया म्हणाली. ती दाराशी उभी होती.

"मग काय ठेवू मावशी?" शिवरामने विचारलं.

"कोपऱ्यात एक कप्पा मोकळा ठेव. आत दांडी लाव, लहान कपडे टांगायला. हाताला येईल अशी."

"कोणाच्या हाताला?"

जया आत आली. भिंतीपाशी उभं राहून तिने हात पुढे केला, बोटं सरळ, तळवा जमिनीकडे, जसा एखाद्या मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा. थोडा विचार करून तिने तो चार बोटं वर घेतला. मग आणखी जरा वर.

गोपीनाथ भिंतीवर कुठेसं बोट दाखवत होता. त्याचं बोट तिथेच राहिलं.

शिवरामने वाकून जमिनीपासून तिच्या तळहातापर्यंत टेप ताणला.

"धरून ठेवा हां, मावशी," तो म्हणाला आणि कानामागची पेन्सिल काढली.

जयाने हात हलवला नाही.