बत्तीस मुलांचा फोन

मित्रांनो, मी चर्चच्या कार्यालयातला एक जुना फोन आहे. टेबलाच्या खालच्या खणात, वाळलेल्या पेनांच्या सोबतीला पडलेला असतो. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि बॅटरी तासाभरात मान टाकते. एके काळी मात्र माझं इतकं कौतुक झालं की दृष्ट लागेल की काय अशी भीती वाटायची. आज ते कौतुक आठवलं की तोंड कडू होतं.

माझा जन्म कारखान्यातला. हजारो भावंडं आणि सगळ्यांचा चेहरा एकच. आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मला विकत घेतलं. दोन वर्षं मी त्यांच्या खिशात राहिलो, लग्नाच्या आणि दफनाच्या तारखा सांभाळल्या. पुढे त्यांना नवा फोन मिळाला आणि त्यांनी मला तरुण संघाला देऊन टाकलं. मोठ्यांना नकोसं झालेलं पोरांच्या पदरात टाकायचं, ही तर जगाची रीतच आहे.

तरुण संघ म्हणजे चर्चमधली तेरा ते एकोणीस वर्षांची बत्तीस मुलं. त्यांना सांभाळणारी ताई एरवी बालवाडीत शिकवायची. महामारी आली, चर्चला कुलूप लागलं, तेव्हा तिने पडद्यावर सभा सुरू केली. पण मुलं नुसती हजेरी लावायची आणि कॅमेरा बंद करून झोपायची. ताई काळ्या चौकोनांना गोष्टी सांगून दमली. एक दिवस तिने मला उचललं आणि म्हणाली, "असं नाही चालायचं. मी एकेकाशी बोलणार."

आणि खरंच बोलली. दर आठवड्याला बत्तीस फोन. कुणाची आजी दवाखान्यात होती, कुणाला परीक्षेची धास्ती होती, कुणी नुसतंच "कंटाळा आलाय, ताई" म्हणायचं. ताई सगळं ऐकून घ्यायची. माझा पाठीचा भाग तापून जायचा, पण मला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे, मी कामाचा आहे.

त्या बत्तिसांत एक मनी होती. पंधरा वर्षांची. मांजरीसारखी दबकत यायची आणि मागच्या बाकावर बसायची, म्हणून मुलांनी ते नाव पाडलं होतं. सहा आठवडे ती "हो" आणि "बरं" यांच्यापलीकडे गेली नाही. सातव्या आठवड्यात ती आईचा फोन घेऊन गच्चीवर गेली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. तिचे बाबा बस चालवायचे. बस बंद झाल्या तशी दारू सुरू झाली, आणि आता ते आईवर हात उचलत होते.

"ताई, कुणाला सांगू नका हं. फक्त तुम्हाला सांगितलं."

"वेडी का? कुणाला सांगणार? मी प्रार्थना करते," ताई म्हणाली.

मित्रांनो, ताई खोटं बोलली नव्हती. तिला रडू आवरत नव्हतं. पण आमच्याकडे एक सवय आहे. कुणाचं दुःख कळलं की ते प्रार्थनेसाठी पुढे द्यायचं. पुढे देणं म्हणजे सांगणं, असं कुणाच्या मनातच येत नाही. फोन ठेवल्यावर दहाच मिनिटांत ताईने संघाच्या ग्रुपवर लिहिलं, "आपल्या मनीच्या घरासाठी कळकळीने प्रार्थना करा. बाबा दारू पिऊन आईला मारतात. प्रभू त्या घराला शांती देवो." तिने बटण दाबलं आणि मी निमूटपणे पाठवून दिलं. मला हात असते तर मी तिचं बोट धरलं असतं.

पटापट "आमेन" येऊ लागले. ताई समाधानाने मोजत बसली. तिच्या लक्षात आलं नाही की निम्म्या मुलांकडे स्वतःचा फोनच नव्हता. ती मुलं आईबापांच्या फोनवरून ग्रुपमध्ये होती. म्हणजे ती बातमी मुलांना कळायच्या आत घराघरांत कळली. दुपारी एका काकूंनी तर मनीच्या बाबांनाच फोन लावला, "भाऊ, आम्ही सगळे तुमच्यासाठी गुडघे टेकून बसलोय हो!"

त्या दिवशी त्या घरात काय झालं ते मी पाहिलं नाही. एवढंच ठाऊक आहे की मनीच्या आईचा फोन त्यानंतर कधी लागला नाही. ताईने रोज लावला. माफीचे लांबलचक निरोप लिहिले, तेही पोचले नाहीत. शेवटी तोंडाला मास्क बांधून ती त्यांच्या दारापर्यंत गेली. बाबांनी खिडकीतूनच सांगितलं, "प्रार्थना आपापल्या घरी बसून करायची."

महामारी ओसरली. चर्चमध्ये वार्षिक सभा भरली. पाळकसाहेबांनी मला उंच धरलं आणि म्हणाले, "या एका फोनने आपली मुलं बांधून ठेवली. एकही मेंढरू हरवलं नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई मान खाली घालून बसली होती. सभेच्या आदल्या दिवशी तिनेच यादीतून मनीचं नाव काढलं होतं. यादीत एकतीस नावं होती आणि एकतीसही मुलं हजर होती. हिशेब अगदी चोख!

त्यानंतर महिन्याभराने मनी कार्यालयात आली. उंच झाली होती आणि दबकत आली नाही. ताई धावत तिच्याजवळ गेली, पण ती दोन पावलं मागे सरकली.

"तुम्ही लिहिलेलं ते पुसा."

ताईने तो निरोप शोधला आणि पुसला. "हे बघ, पुसलं. आता काही नाही राहिलं, बाळा. मला माफ कर."

मनीने माझ्या काचेकडे पाहिलं.

"आणि बाकीच्यांच्या फोनमधलं?"

ताईने मला टेबलावर पालथं ठेवलं. मनी निघून गेली. ती परत आली नाही. ताईने दुसऱ्याच दिवशी तरुण संघ सोडला आणि मला खणात ठेवून दिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी "आम्हाला जपा" अशी विनवणी करतात. मला जपू नका. मी फुटलो तर दुसरा मिळेल. पण कुणी घाबरत घाबरत तुमच्याजवळ मन मोकळं केलं, तर ते पोटात ठेवा. त्याच्यासाठी प्रार्थना करायची असेल तर जरूर करा, पण ती एकट्याने करा. देवाला ऐकू जाण्यासाठी ग्रुप लागत नाही.