माझ्या कानांची परीक्षा

मित्रांनो, डोळे मिटा आणि जरा कल्पना करा. तुम्हाला पाय नाहीत, डोळे नाहीत; आहेत ते फक्त दोन कान. तुम्हाला एका झाडाला बांधलं आहे आणि सगळं रान तुमच्याशी बोलतं आहे. माझं आयुष्य असंच गेलं. मी एक जुना रेकॉर्डर आहे, जंगलातल्या पशुपक्ष्यांचे आवाज टिपणारा. माझ्या हिरव्या पेटीला दोन बाजूंना दोन माईक आहेत. तेच माझे कान.

नाशिकच्या पक्षी-अभ्यासकांबरोबर मी खूप डोंगर फिरलो. मी टिपलेले आवाज ऐकून लोक वाहवा करत. मग नवी, लहान यंत्रं आली आणि मी कपाटात जाऊन बसलो. यंदाच्या हिवाळ्यात हरसूलजवळच्या एका शाळेतल्या ज्योत्स्ना मॅडमनी मला थोड्या दिवसांसाठी मागून आणलं, ते सातवीतल्या निकितामुळे.

तिचे आजोबा देवराम सांगत, की गावाच्या देवराईत अजून रानपिंगळा बोलतो. रानपिंगळा म्हणजे दिवसाउजेडी ओरडणारं दुर्मीळ, छोटं घुबड. पण वर्गातला महेश हसला. "तुझ्या आबाला कावळा पण पिंगळाच वाटतो!" निकिताला ते फार लागलं. आबांचं खरं आहे हे तिला दाखवायचं होतं, आणि सोमवारी तर मला नाशिकला परत जायचं होतं.

आबांनी स्वतः मला देवराईतल्या झाडाला बांधलं. शनिवारी शाळेत सगळ्यांनी आळीपाळीनं हेडफोन लावून ऐकलं, तर नुसती खरखर!

"माईक गेला वाटतं," मॅडम म्हणाल्या.

महेशनं लग्नाच्या मांडवात करतात तसं माझ्यावर टकटक केलं, फू फू फुंकलं आणि ओरडला, "हॅलो, माईक टेस्टिंग, हॅलो!" ते सगळं मी टिपलं. "माईक चांगला हाय मॅडम. पिंगळाच नाय तिथं!"

मला वाईट वाटलं. तोंड लावून ओरडलेलं कुणालाही ऐकू येईल.

"पिंगळा काय कानाशी येऊन ओरडतो का?" निकिता म्हणाली. "लांबून बघू."

तिनं शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन हळूच वाजवला. परत येऊन ऐकलं. काही नाही. थोडी जवळ आली, पुन्हा वाजवला. काही नाही. मुलं कंटाळून खेळायला पळाली. ती मात्र हटली नाही. मला उलटसुलट फिरवताना तिचं नख माझ्या कानावर अडकलं. दोन्ही कानांवर पारदर्शक प्लॅस्टिक होतं, चिकटपट्टीनं घट्ट बसवलेलं. सगळ्यांना ते माझंच वेष्टन वाटलं होतं.

ती मला घेऊन थेट घरी गेली.

"आबा, याचे कान बांधलेस तू!"

"दव लय पडतं, बाय. आपला रिमोट बघ, प्लॅस्टिकमधी अजून कसा नवाकोरा हाय."

"रिमोटला ऐकायचं नसतं, आबा!"

आबांनी डोकं खाजवलं. मग हसत पट्टी सोडवली. आता अंगणाच्या पार टोकावरच्या किल्ल्याही मला स्पष्ट ऐकू आल्या. दवासाठी आबांनी पळसाच्या पानांचं छोटं छप्पर केलं. डोकं झाकेल, कान उघडे राहतील असं. रविवारी पहाटेच मी पुन्हा झाडावर होतो.

सोमवारी वर्गात आधी वारा ऐकू आला, मग सातभाई पक्ष्यांची कलकल, आणि मग लांबून, अगदी स्पष्ट, रानपिंगळा! महेशनं हेडफोन काढला. "आबांना मीच सांगतो," एवढंच म्हणाला. मॅडमनी नाशिकला फोन लावला. माझा मुक्काम वाढला.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जरूर जपा. पण आमचं काम काय, ते आधी समजून घ्या.

आणि निकिता? शाळा सुटताच तिनं मला उचललं आणि देवराईची वाट धरली. मला झाडाला बांधलं, पळसाचं छप्पर नीट बसवलं. मग ती चालत चालत लांब गेली, वळली आणि तिनं हळूच किल्ल्या वाजवल्या.