पेल्याचं बूड

दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सोफ्यावर बायका, सोफ्याच्या हातांवर त्यांचे नवरे, खिडकीच्या कट्ट्यावर समोरच्या इमारतीतली मंडळी. सगळ्यांच्या माना एकाच टेबलाकडे. टेबलावर पितळी डबा, डब्याच्या तोंडावर जाळी, जाळीला रेशमी झालर आणि त्यावर तो पेला. पांढराशुभ्र, अंगावर निळा ड्रॅगन आणि आत अगदी मधोमध बोटाएवढा चिनी म्हातारा उभा.

"सम्राटाच्या थडग्यातून हा माझ्या गुरूंच्या स्वप्नात आला," कपबाबा डोळे मिटून म्हणाले, "आणि स्वप्नातून त्यांच्या हातात! माणूस खरं बोलला की पाणी राहतं. खोटं बोलला की म्हातारा ते पिऊन टाकतो!"

थडग्यातून स्वप्नात, स्वप्नातून हातात. एवढ्या प्रवासात पेल्याचा एक टवकाही उडाला नाही, हे खरं नवल.

आधी ठेकेदार पुढे आला. "मी सिमेंटात कधी वाळू जास्त घातली नाही," तो म्हणाला. बाबांनी सुरईतून पाणी ओतलं आणि बघता बघता पेला कोरडा ठणठणीत झाला. "अगंबाई!" बायका ओरडल्या. मग औषधांचा दुकानदार आला. बाबांना आणायला गाडी त्यानेच पाठवली होती. "मी कधी जुनी गोळी नवी म्हणून विकली नाही," तो म्हणाला. पाणी थेंबभरही हललं नाही. मागे कुणीतरी खोकलं, पण लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आत्या ओठ घट्ट मिटून बसली होती. तिची सगळी नोकरी संग्रहालयात, जुन्या चिनी मातीच्या भांड्यांत गेलेली. निवृत्त झाली तरी खोड जाईना. कुणाच्याही घरी गेली की पुढ्यातली बशी उचलून आधी उलटी करायची आणि बूड बघायची. बशीत काय आहे, हे तिला नंतर आठवायचं. एकदा विहिणीच्या नव्या गालिच्यावर अख्खा केक उपडा झाला होता. घरात तिचं नावच पडलं होतं, बशीआत्या.

म्हणून आज भावाने सकाळीच तिच्यापुढे हात जोडले होते. "ताई, आजच्या दिवस काहीही उलटं करायचं नाही. वचन दे." तिने तोंड वाकडं करत दिलं होतं.

आज प्रश्न भाचीचा होता. तिला चष्म्याच्या दुकानवाल्याशी लग्न करायचं होतं. मुलगा चांगला, दुकान बरं, पण भावाचा निर्णय काही होईना. शेवटी त्याने जाहीर केलं, पेला हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर विषय बंद. चांगला शिकलेला माणूस, पण लेकीच्या लग्नाची वेळ आली आणि याने अक्कल गहाण टाकली!

"आत्या, पेला खरंच थडग्यातला आहे गं?" भाचीने हळूच विचारलं.

"थडग्यातला कसला! निळा रंग बघ. कुंचल्याने रंगवलेल्या जुन्या भांड्यात हात थांबतो तिथे रंग साचतो, हात पळतो तिथे विरळ होतो. वाटतं, आत्ता कुणी रंगवून उठलंय. बघत राहावं असं असतं ते. आणि हा? शेपटापासून मिशीपर्यंत एकसारखा, छापील. त्यात सम्राटाच्या ड्रॅगनला पायाला पाच नखं असतात, याला चारच. पण बूड बघितल्याशिवाय मी काही बोलायची नाही."

तेवढ्यात चष्मेवाल्याचा पुकारा झाला. बाबांची स्वप्नाची गोष्ट ऐकताना तो फिसकन हसला होता आणि ते हसू बाबांनी बरोबर हेरलं होतं.

"माझं हिच्यावर मनापासून प्रेम आहे," तो म्हणाला. बाबांनी पाणी ओतलं. ओतलं, आणखी ओतलं, थेट म्हाताऱ्याच्या टोपीवरून. म्हाताऱ्याने ते गटागटा पिऊन टाकलं.

भाऊ जड आवाजात म्हणाला, "संपला विषय." भाचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आत्याला भावाचा असा संताप आला की हातातली बशी त्याच्या डोक्यात घालावी.

पण ती उठली ती गोड हसत. "बाबा, माझीही परीक्षा घ्या ना. म्हातारीच्या मनाला तेवढंच समाधान."

यजमानाची थोरली बहीण! बाबांनी खुशीत सुरई उचलली आणि म्हाताऱ्याच्या छातीपर्यंत बेताचं पाणी ओतलं. "बोला, आई."

"मी आजवर कुणाच्याही घरची बशी उलटी करून बघितलेली नाही," आत्या ठणठणीत आवाजात म्हणाली.

पाणी जागच्या जागी.

मग विहीण किंचाळली, "आणि माझा गालिचा?" अख्खा दिवाणखाना खो खो हसत सुटला. ठेकेदार तर डोळे पुसायला लागला.

"वृद्धांना पेला क्षमा करतो," बाबा घाईघाईने म्हणाले.

"असं होय? मग आता खरं बोलते." आत्याने सुरई त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पेला टोपीच्या वर भरला. "मी शेकडो बशा उलट्या केल्यात आणि आता हा पेलाही करणार आहे." खालच्या डब्यात सळसळ आवाज झाला आणि पाणी गुडुप.

"खबरदार! पेला कोपेल!" बाबा ओरडले.

"ताई, वचन!" भाऊ ओरडला.

"मोडलं," आत्या म्हणाली आणि पेला उपडा केला.

बुडाला मधोमध भोक होतं. जुनं दिसावं म्हणून बुडाची कड चहाच्या पाण्याने रंगवलेली, तो रंग तिच्या ओल्या अंगठ्यालाच लागला. "हे बघा. म्हाताऱ्याच्या पोटात नळी आहे. पायापाशी सुरू होते, टोपीपर्यंत चढते, तिथे वळते आणि या भोकातून बाहेर पडते. पाणी टोपीच्या खाली असलं तर राहतं. वर गेलं की नळी भरते आणि मग तळापर्यंत सगळं ओढून नेते. पिंपातून नळीने पाणी खेचता ना, तसंच. खरं-खोटं पेल्याला कळत नाही. कुणाला किती ओतायचं, ते बाबांना कळतं."

मग काय, झुंबड उडाली. ज्याने त्याने सुरई हातात घेऊन स्वतः ओतून बघितलं. औषधवाल्याच्या वेळी तर लोकांनी हौसेने काठोकाठ ओतलं. या धांदलीत बाबा कधी सटकले ते कळलंच नाही. डबा आणि पेला तिथेच राहिला.

भाऊ खाली मान घालून आला. "ताई, आधी का नाही गं सांगितलंस?"

"उलटं करून बघायचं नाही, हे वचन कुणी घेतलं होतं?"

तो चष्मेवाल्यापाशी गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चुकलो मी. माझ्या मुलीला काय हवंय ते तिलाच विचारायला हवं होतं." भाची रडता रडता हसली.

आत्याने पेला पुसून उजेडात धरला. "जुना नाही, पण बनवलाय झकास. ही युक्ती मात्र फार जुनी आहे. हावरटाची गंमत करावी म्हणून चिनी कुंभार असे पेले घडवायचे. जास्त भरशील तर सगळंच जाईल, एवढंच सांगायचं असायचं. त्यात फसवणूक नव्हती, कारागिरी होती. तेव्हा पेला असो की बाबा, पाया पडायच्या आधी वस्तू हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघायला मागा. बघू देत नसेल, तर तिथेच समजा काहीतरी लपवलंय."

"पटलं," भाऊ म्हणाला आणि जावयासाठी आणलेली बशी त्याने मोठ्या निश्चयाने उलटी करून बूड बघितलं. सगळी बिस्किटं जावयाच्या मांडीवर.

"अरे, आधी बिस्किटं काढायची असतात," आत्या म्हणाली.