हनुवटीवरची नखाएवढी जागा

चर्चच्या पायऱ्यांवर येऊन क्षितिजानं हातातली पिशवी दाणकन आपटली.

"काही फुटलं का गं?" आत्मारामांनी विचारलं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यापुरते ते लेकीकडे स्टुटगार्टला आले होते. तिथल्या चढांनी गुडघे धरले होते, म्हणून आज तिच्याबरोबर या गावी येऊनही बाहेर बाकावरच बसले होते.

"माझं नशीब फुटलं, बाबा. चर्चची समिती नाही म्हणाली."

क्षितिजा जुन्या चित्रांच्या जतनावर पीएचडी करत होती. डोंगराकडच्या या कॅथलिक गावाच्या चर्चमध्ये सोळाशे वीसच्या सुमाराचं एक चित्र होतं, खांद्यावर कोकरू घेतलेल्या येशूचं. त्याच्या चाळीसएक वर्षं आधी रोममध्ये पहिल्या ख्रिस्ती लोकांची दफनाची भुयारं सापडली होती. तिथल्या भिंतींवर असाच मेंढपाळ होता, पण कोवळ्या पोरासारखा, बिनदाढीचा. चर्चमधली चित्रं म्हणजे मागाहून घुसलेलं खूळ, असं म्हणून जी प्रोटेस्टंट मंडळी हिणवत होती, त्यांना कॅथलिकांकडून आयतं उत्तर मिळालं. बघा, आमचं हे पहिल्यापासूनचं! मग कॅथलिक चित्रकार ते जुने मेंढपाळ, मासे, मोर पुन्हा काढू लागले.

हे चित्र त्यातलंच, असं क्षितिजाचं म्हणणं. पण इथल्या येशूला भरघोस दाढी होती. एक्स-रेमध्ये तिच्याखाली गुळगुळीत हनुवटी दिसली, तरी प्राध्यापकांना ते पुरेना. "आल्झो, म्हणजे असं बघा, त्याच चित्रकारानं आठवड्याभरात दाढी चढवली नसेल कशावरून?" हनुवटीवर नखाएवढी जागा साफ करून दाढीचा रंग फार नंतरचा आहे, हे दाखवायला हवं होतं. नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

"पण नाही का म्हणाले?"

"त्या फ्राउ श्टेर्क आहेत ना, समितीच्या प्रमुख? त्यांचे वडील लढाईत गेले, तेव्हा आई याच चेहऱ्याशी बोलायची म्हणे. चेहऱ्याला हात लावायचा नाही."

"बरोबर आहे बाईंचं."

"बाबा!"

"अगं, आपल्या भैरोबाचा शेंदूर काढून आतली मूर्ती बघायची म्हणून पुण्याचे साहेब आले होते. मी पंचांत होतो. चहा पाजला आणि वाटेला लावलं."

"आणि आतली मूर्ती?"

"असेल की आत. कुठे जातेय?"

"तुमच्यासारख्यांमुळेच माझं घोडं अडलंय!"

"मग माझ्यावर कशाला चिडतेस? परवानगी काहीच नाही दिली?"

"दिली ना. झग्याच्या काठाशी, खाली. जिथं कुणी बघत नाही तिथं."

दुसऱ्या दिवशी ती चित्रापुढच्या परांचीवर चढली. हनुवटी हाताच्या अंतरावर होती. कापसाचा बोळा रंग काढायच्या औषधात भिजवलेला. चर्चमध्ये कुणी नव्हतं. दोन मिनिटांचं काम. तिनं हात उचललाही.

तेवढ्यात दार वाजलं. फ्राउ श्टेर्क फुलं घेऊन आल्या, पुढच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. वर पाहिलंसुद्धा नाही. परवानगी काठाची दिली होती, म्हणजे पोरगी काठापाशीच असणार, एवढं त्या धरूनच चालल्या होत्या.

त्यांनी वर पाहिलं असतं, डाफरल्या असत्या, तर क्षितिजानं कदाचित बोळा टेकवलाही असता. आता तो टेकवता येईना. दात आवळून ती खाली उतरली, गुडघ्यांवर बसली आणि झग्याचा काठ पुसू लागली.

वरचा तपकिरी रंग सुटला. खाली निघाला तोही तपकिरीच.

तिनं त्याचा फोटो काढला. साफ केलेल्या जागेचा फोटो, काही निघो न निघो, काढावाच लागतो.