लादीचं दुसरं टोक

मनोरच्या वरच्या पाड्यावरून जिव्या आणि त्याचा मेव्हणा बुधा पालघरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला लागले, तेव्हा बुधा खुशीत होता. "उन्हाळ्यात गारव्याचं काम. नशीब हाय आपलं."

गारवा होता तो आतल्या कोठीत. तिथून बर्फाची लादी दोघांनी दोन टोकांना धरून उचलायची, भर उन्हात उभ्या ट्रकपाशी न्यायची आणि तिरप्या फळीवरून वर चढवायची. नवापूर-चिंचणीच्या मासेमारी होड्यांना हा बर्फ जाई. आत बोटं गोठत, बाहेर डोकं भणभणे, आणि घामेजलेली पाठ परत आत गेली की कळा मारी.

होळी झाली आणि जिव्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली, ती तशीच राहिली. जेवताना घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा भात खाली सांडे. कारखान्यामागच्या खोपीत त्याची बायको नवसी चुलीपुढे बसून हात चोळून देई. "मुकादमाला सांग," ती म्हणाली.

जिव्याने सांगितलं. आत्माराम मुकादमाने त्याची बोटं दाबून पाहिली. "मला दिसतंय रे. पण उचलण्याबिगर माझ्याकडं दुसरं काम नाय. जमत नसंल तर गावाला जा."

गावाकडे कणगी रिकामी होती आणि पावसापर्यंत मजुरी नव्हती. "जमतंय," जिव्या म्हणाला.

चारच दिवसांनी ते घडलं. जिव्या फळीवर पुढे होता, बुधा खालच्या टोकाला. आपली पकड सुटली हे जिव्याला हातांनी सांगितलं नाही, बुधाच्या किंकाळीने सांगितलं. लादी फळीवरून घसरत जाऊन बुधाला घेऊन खाली आदळली होती.

दवाखान्यातून बुधाला झोळीत घालून खोपीवर आणलं. कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं. जिव्या त्याच्या उशाशी बसला.

"माझ्या बोटांना समजत नव्हतं," तो म्हणाला.

"ठाऊक होतं मला. भात सांडायचास तू."

"मग बोलला का नायस?"

"बोललो असतो तर तुला घालवला असता. मग माझ्यासंगं लादी कोण उचलणार होता?"



जोडीदाराशिवाय काम नव्हतं. सोमवारी नवसी लुगड्याचा काचा मारून त्याच्यामागोमाग कारखान्यात आली. जिव्याने तिला दोनदा माघारी जायला सांगितलं. ती म्हणाली, "मग आणखी कोणाला आणशील?" मुकादमाने तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि कोठीचं दार उघडलं.

फळीशी आल्यावर जिव्या थांबला. "तू वरच्या बाजूला हो," म्हणाला, आणि खालचं टोक त्याने आपल्याकडे घेतलं. त्याला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

दुपारी भाकरी सोडताना नवसीने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. जिव्याने ते पाहिलं. त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दुसरा ट्रक फाटकातून आत येत होता.