पंचाचं खोकं

कुरखेड्यात बाजाराच्या दिवशी दुपार कलली, की नईमच्या सायकल दुकानात तिघे जण जमत आणि जगातल्या थोर माणसांची झाडाझडती घेत. नईम शास्त्रज्ञांच्या बाजूचा, सोमाजी सेनापतींच्या बाजूचा, आणि हरिदास पंच.

बसायच्या जागाही ठरलेल्या. दारासमोर बाहेर बाक; त्याच्या एका टोकाला नईम, दुसऱ्या टोकाला सोमाजी. समोर सुट्या भागांचं लाकडी खोकं उलटं घातलेलं असे, त्यावर हरिदास.

तो पंच कसा झाला, त्यात मोठी कथा नाही. हायस्कुलाच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम त्याने आयुष्यभर केलं. हे दोघेही पुस्तकं त्याच्याकडूनच नेत. म्हणजे लढाई दोघांची आणि दारूगोळ्याचं कोठार एकच. पहिल्याच भांडणात दोघांनी त्याला विचारलं, "हरीभाऊ, कोनाचं खरं?"

हरिदास चाचरला. "मले वाट्टे, दोघाईचं बी बरोबर हाये."

सोमाजीने मांडीवर थाप मारली. "झालं! हाच पंच. याच्याच्यानं कोनाचं वाईट होत नाई."

तेव्हापासून निकाल कायमचा ठरला : बरोबरी.

सोमाजी धानाचा शेतकरी. बोलायला लागला की बांध फुटल्यासारखा. नियमही त्यानेच घातलेला. "नाव घेऊन बोला. 'आपले पूर्वज लई हुशार होते' असं मोघम इथी चालनार नाई." अलीकडे या भागात रानहत्ती उतरले, तेव्हा तर त्याला जोरच चढला होता. "हनिबलनं हत्ती बर्फाच्या डोंगरावरून नेले. इथी माह्या धानातून एक हत्ती हालत नाई!"

"नेले असतील," नईम चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढता काढता म्हणे, "पन शेवटी हारलाच ना तुहा हनिबल? न्यूटन कोनाशी हारला, सांग."

"त्याच्याशी लढाले गेलं कोन?"

दोघेही हसत आणि मग खोक्याकडे वळून ओरडत, "पंच, बोल!" पंच आपला नेहमीचा निकाल देई.

पण पंचाच्याही मनात एक माणूस होता. तो शास्त्रज्ञ नव्हता की सेनापती नव्हता, कलावंत होता. आणि कलावंतांची गोष्ट त्या दुकानात कधी निघालीच नाही. हरिदासला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलावं असं आपल्याजवळ काही आहे, यावर त्याचा विश्वास नव्हता. एकदा त्याने धीर करून तोंड उघडलं होतं. नेमकं तेव्हाच कोणीतरी पंक्चरवालं आलं. त्याला बरंच वाटलं. घरी जाऊन मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही. घरात तरी कोण होतं ऐकायला? बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. भिंतीला लागून पुस्तकं, आणि पुस्तकं काही विचारत नाहीत.

यंदा धान निसवून लोंब्या यायच्या आधीच सोमाजी गेला. त्यानंतरही बाजाराच्या दिवशी हरिदास दुकानात जाई, खोक्यावर बसे. नईम चाक फिरवत राही. एकाच बाजूने लढाई होत नाही, आणि लढाई नाही तर पंच तरी कशाला हवा? चहा पिऊन दोघे उठत.

मग एका बाजाराला नईम म्हणाला, "पोरगा नेऊन राह्यला मले नागपूरले. गुडघे गेले. दुकान बंद."

आज तो दिवस होता. नईमचा मुलगा रईस सामानाचा टेम्पो घेऊन आला होता. हरिदास घरून निघाला तेव्हाच त्याने ठरवलं होतं, आज सांगायचं. ऐकून घेणारा हा शेवटचा माणूस. तो गेला की ती गोष्ट आपल्याबरोबरच जाणार. वाटभर तो मनात वाक्यं जुळवत आला. दुकानाच्या पायरीशी पोचेपर्यंत त्यातलं एकही शिल्लक राहिलं नाही.

दुकान निम्मं रिकामं झालं होतं. पंक्चरचं पाणी ओतून घमेलं उपडं ठेवलेलं. छताच्या हुकाला एकच जुनं चाक लटकत होतं. रईस आत दोऱ्या बांधत होता.

"ये पंच," नईम बाकावर सरकत म्हणाला. "आखरी बार होऊन जाऊ दे. दोघाईच्या बाजूनं मीच बोलतो."

आणि तो बोलला. आधी न्यूटनसाठी, आपल्या आवाजात. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला, मांडीवर थाप मारली आणि सोमाजीच्या आवाजात म्हणाला, "हनिबलनं हत्ती..." खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसून तो खोक्याकडे न बघता म्हणाला, "पंच, बोल."

हरिदासच्या ओठावर तेच आलं, दोघाईचं बी. ते त्याने गिळलं.

"माहा एक येगळा हाये," तो म्हणाला.

"काय?"

"माहा मानूस. सगळ्यात थोर. मूर्तिकार होता. मार्कंड्याच्या देवळाचा."

हरिदास खाली, आपल्या चपलांकडे बघत बोलू लागला. तरुणपणी तो मार्कंड्याच्या जत्रेला गेला होता. बाहेरच्या भिंतीवर, एका कोपऱ्यात, माणसं सहसा थांबत नाहीत अशा जागी एक दगडाची बाई आहे. "मान वळवली हाये तिनं. मांगून कोनं हाक मारली का वळवते ना, तशी. दगड हाये, पन हाक आयकू येते. म्या वैनगंगेवर जाऊन हातपाय धुतले आन पुन्हा पाह्याले आलो. जत्रा उठेपर्यंत तिथीच होतो."

"नाव काय त्याचं?"

"नाव मालूम नाई."

"मग कसं?" नईमच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धार आली. "सोमाजीचा नियम हाये. नाव नाई तं थोर कसा?"

बरोबरच होतं. नियम तो नियम. आपण बोलायलाच नको होतं. चुकलं, असं म्हणून सुटावं, म्हणून त्याने मान वर केली, तर समोर ते चाक लटकत होतं.

"नईमभाऊ," तो हळूच म्हणाला, "चाक पयल्यांदा कोनं बनवलं? त्याचं नाव काय?"

नईमने चाकाकडे बघितलं. जन्मभर चाकावर पोट भरलेला माणूस, आणि उत्तर नव्हतं. मग तो असा हसला, की रईस दोरी टाकून बाहेर आला.

"मारलं रे! पंचानं मले मारलं!" हसता हसता त्याने डोळे पुसले आणि एकदम गप्प झाला. "इतकी वर्षं कुठी होतास रे हरीभाऊ?"

"इथीच. खोक्यावर."

"अब्बा, निकलते हैं," रईस म्हणाला. "चाचा, बाक तुमच्यासाठी ठेवलाय, जागा नाही टेम्पोत. लागतो का?"

हरिदास उठला. नईमने वाकून ते खोकं उचललं, आणि गुडघा कुरकुरला तरी कोणाला हात लावू न देता टेम्पोत टाकलं. "हे म्या नेतो. इथी ठेवलं तं तू पुन्हा पंच होशील." तो पुढच्या सीटवर चढला. टेम्पो सुरू झाल्यावर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "चाकवाल्याचं नाव नाई, मान्य! पन चाक साऱ्या दुनियेच्या कामी आलं. तुह्या बाईले त्या कोपऱ्यात पाह्यते कोन? सांग! फोनवर सांग!"

टेम्पो गेला.

बाजार उठत होता. शटर ओढलेलं, बाहेर नुसता बाक. खोकं नव्हतं, म्हणून तो बाकावर बसला, सोमाजीच्या टोकाला. समोरची जागा उघडी पडली होती. मातीवर खोक्याचा चौकोन तेवढा उमटला होता. नईमचा प्रश्न त्याने इकडून तिकडून फिरवून पाहिला.

"म्या पाह्यलं," तो म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. टोपलं घेऊन जाणाऱ्या एका बाईने मान वळवून पाहिलं, आणि आपल्याला म्हटलं नाही हे बघून ती पुढे गेली.